भाजलेला हात

परवां आमच्या दीड वर्षाच्या बाळानें मेजाच्या काठावरील माझा पेला ओढला आणि कढत चहा त्याच्या हातावर सांडला. मातोश्री तुपाची वाटी घेऊन धांवल्या. मीं मात्र त्यास नळाशीं नेलें, मनगटी काढली आणि वीस मिनिटें हातावर साध्या पाण्याची धार धरली. तुपानें आंतील उष्णता कोंडते, बर्फानें कोवळ्या कातडीस अधिकच इजा होते. फोड तर मुळींच फोडूं नयेत. लहान मुलाचा हात भाजला, कीं तो डॉक्टरांस दाखवावाच. आम्हीं दाखविला; त्यांनीं धीर दिला.

रात्रीं बाळ निजल्यावर मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, “पाणी घातलेंस तें ठीक, पण पेला काठावर कोणीं ठेवला होता?”

मजपाशीं उत्तर नव्हतें.