डोंगरगावांच्या हाती कोणती रायफल?

जम्मूच्या डोंगराळ गावांनी स्वसंरक्षणासाठी कोणते शस्त्र बाळगावे, हा प्रश्न गेली तीस वर्षे प्रशासनासमोर आहे. १९९५ साली तेव्हाच्या अखंड डोडा जिल्ह्यात ग्रामसंरक्षण समित्या उभ्या राहिल्या. वस्त्या विखुरलेल्या, पोलीस ठाणे कित्येक तासांच्या पायपिटीवर. मदत येईपर्यंत घराचे दार राखणे एवढेच या समित्यांकडून अपेक्षित होते. त्यासाठी शासनाने दिली ती थ्री नॉट थ्री.

ही रायफल मुळात विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यात दहा काडतुसे मावतात आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. भाग थोडे, रचना दणकट, त्यामुळे ती सहसा अडत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० साली. तिला केवळ भंगार म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. १ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी राजौरी जिल्ह्यातील ढांगरी गावावर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा एका गावकऱ्याने जुन्या थ्री नॉट थ्रीमधून गोळ्या झाडल्या आणि हल्लेखोर पळाले. तरीही तो हल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा स्फोट यांत मिळून सात जणांचे प्राण गेले. त्यांत दोन बालके होती.

त्यानंतर गावकऱ्यांना एसएलआर देण्यास वेग आला. सैन्याने नव्वदच्या दशकापासून इन्सास स्वीकारल्यावर मागे पडलेली ही रायफल एका चापात एक गोळी झाडते, पुढची गोळी आपोआप नळीत येते, मॅगझिन वीस काडतुसांचे. स्वयंचलित रायफल घेऊन आलेल्या हल्लेखोरासमोर हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. परंतु शस्त्र बदलले की गरजाही बदलतात, हे आपल्या फायलींत क्वचितच उमटते. एसएलआरचे काडतूस ७.६२ मिलिमीटरचे. थ्री नॉट थ्रीचे काडतूस तिच्यात चालत नाही. एकाच गटात दोन्ही शस्त्रे असतील तर साठे आणि नोंदी वेगवेगळ्याच ठेवाव्या लागतील. ती वायूच्या दाबावर चालते. नियमित साफसफाई झाली नाही तर ऐन वेळी अडते. तिची लांबी एक मीटरहून अधिक आणि वजन चार किलोहून अधिक, म्हणजे माजघरातून किंवा अरुंद जिन्यावरून वळताना ती अवजडच. शिवाय तिची गोळी साध्या भिंतीपाशी थांबेलच असे नाही, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे कुटुंब झोपलेले असते. म्हणून कोणी कुठून पहारा द्यायचा आणि कोणत्या दिशेने गोळी कदापि झाडायची नाही, हे दिवसाउजेडी गावात फिरून ठरवलेले बरे.

शस्त्रपरवान्याचे अर्ज मी सेवाकाळात पुष्कळ हाताळले. रायफलीच्या जातीविषयी अर्जदार तासभर बोलत. ती रात्री कुठे ठेवणार, कुलूप कोणाकडे, घरात मुले किती, हे विचारल्यावर मात्र संभाषण आटोपते घेतले जाई. ग्रामरक्षकांच्या बाबतीत हे प्रश्न शासनानेच विचारायला हवेत, कारण शस्त्र निवडणारे तेच आहे. सामान्य परवानाधारकाला थ्री नॉट थ्री किंवा ७.६२ ची रायफल मिळत नाही. ही बोअर निषिद्ध वर्गात मोडतात आणि त्याला ०.३१५ ची रायफल किंवा बारा बोअरची बंदूक यांसारख्या शस्त्रांवर भागवावे लागते. जे शस्त्र इतरांना वर्ज्य आहे, ते डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हाती देताना सोबत भक्कम विजेरी, चालू बिनतारी संच, कुलूपबंद पेटी आणि सरावाची काडतुसे द्यायलाच हवीत. सरावाची काडतुसे तर आधी. अंधारात आपला माणूस ओळखता येणे हे अचूक नेमाइतकेच महत्त्वाचे.

या वादाला इतिहास आहे. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. त्याचाच आधार घेऊन ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. स्वतंत्र देशात भर शस्त्र धरण्याच्या हक्कावर नव्हे, तर कर्तव्यावर हवा, अशी त्यांची मांडणी होती. ग्रामरक्षकांची बंदूक मला या दुसऱ्या परंपरेतली वाटते. पण कर्तव्य सोपवणाऱ्यावरही काही बंधने येतात. पुरेशा प्रशिक्षणाविना आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नक्षलवाद्यांसमोर उभे करणे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली छत्तीसगडच्या प्रकरणात घटनाबाह्य ठरवले, ते उगीच नव्हे. जम्मूतही काही समिती सदस्यांवर शस्त्राच्या गैरवापराचे गुन्हे नोंदले गेले आहेत.

२०२२ च्या सुधारित योजनेने समित्यांचे ग्रामसंरक्षण गट केले, सदस्यसंख्येवर पंधराची मर्यादा घातली, त्यांना जिल्हा पोलीसप्रमुखांच्या निर्देशाखाली आणले आणि सदस्याला दरमहा ४,००० रुपये, तर अधिक धोक्याच्या भागातील गटप्रमुखाला ४,५०० रुपये मानधन ठरवले. मानधनाचा आकडा आदेशात आहे, तसाच प्रत्येक रक्षकाच्या वार्षिक सरावातील गोळ्यांचा आकडाही असावा. झाडलेल्या गोळीची, हरवलेल्या काडतुसाची आणि रायफलीच्या दुरुस्तीची नोंद ठाण्यातील एकाच वहीत राहावी आणि ती वही दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांपुढे यावी. पहिल्या तपासणीत किती रायफली प्रत्यक्ष झाडून पाहिल्या, हा रकाना त्यात अवश्य असावा.