फ्रिजमध्ये साचणारे पाणी

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या फ्रिजमधील भाजीचा खण बाहेर ओढला, तो त्याखाली बोटभर पाणी साचलेले दिसले. कोणीतरी बाटली कलंडवली असावी अशा समजुतीने आम्ही ते फडक्याने टिपून घेतले आणि मुलांना दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी! तिसऱ्या दिवशी कोथिंबीर कुजली आणि आईच्या इन्सुलिनचा पुठ्ठ्याचा खोका भिजून त्याचा लगदा झाला. मुले निर्दोष होती, हे आम्हांस तेव्हा कबूल करावे लागले.

तालुक्याच्या गावच्या कारागिराने फोनवरूनच निदान केले, की गॅस संपला असेल. आणि चार दिवसांचा वायदा केला. परंतु गॅस संपला असता तर थंडावाच राहिला नसता. आमच्याकडे तर वरच्या खणाच्या तळाशी बर्फाची लादी जमली होती! दोष अन्यत्र होता.

दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये थंडाव्याच्या नळ्या वरच्या खणाच्या मागील पडद्याआड असतात. दार उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातील बाष्प त्या नळ्यांवर हिम होऊन बसते. काही तासांच्या अंतराने तेथील विजेचा हीटर तापून ते हिम वितळवतो. पाणी खालच्या पन्हळीत उतरते, तेथील भोकातून एका नळीवाटे फ्रिजच्या पाठीमागे कॉम्प्रेसरवरील ट्रेमध्ये पडते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. ते भोक बर्फाने किंवा कचऱ्याने बुजले, की पाणी पन्हळीवरून ओसंडते. काही वरच गोठते, काही खालच्या खणात ठिबकते. पावसाळ्यात हवाच ओली, म्हणून हिमही अधिक. एकदारी फ्रिजमध्ये वितळवण्याचे बटण बहुधा आपणच दाबायचे असते. पाण्याची वाट मात्र तेथेही अशीच तुंबते.

आम्ही प्रथम प्लग काढला. नुसते बटण बंद करून भागत नाही. ओल्या जागी विजेशी खेळ नको. इन्सुलिनच्या कुप्या कोरड्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या माठात ठेवला. त्या बर्फाला टेकवून ठेवू नयेत, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मासे बर्फासह डब्यात भरून गोणपाटात गुंडाळले. मग दोन्ही दारे उघडी टाकून, खाली जुनी लुगडी अंथरून, रात्रभर वाट पाहिली.

शेजारच्या काकांनी सुरीने बर्फ फोडण्याचा सल्ला दिला होता. तो आम्ही मानला नाही, हे बरे झाले. सुरीचे टोक नळीत शिरले, तर फ्रिज कायमचा जातो. शिवाय हल्लीच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन नावाचा ज्वालाग्राही वायू असतो.

सकाळी स्क्रू काढून मागील पडदा हलकेच सोडवला. (हमीची मुदत शिल्लक असेल, तर याला हात लावू नये.) हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून, सुई काढलेल्या मोठ्या इंजेक्शनच्या पिचकारीने ते भोकात सोडू लागलो. चार वेळा पाणी उलटून वर आले. पाचव्या वेळी घशातून घोट उतरावा तसा आवाज झाला आणि ते खाली गेले! परंतु मागच्या ट्रेमध्ये जेमतेम थेंब पडत होते. फ्रिज पुढे ओढून पाहिले, तर नळीच्या खालच्या टोकाच्या रबरी तोंडात काळा, बुळबुळीत गाळ. खरा बूच हाच होता. ते तोंड काढून धुतले, पुन्हा बसवले आणि वरून कपभर पाणी ओतले. कपभरच खाली आले.

त्या ट्रेची आम्ही आजवर कधी चौकशीच केली नव्हती. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. यासाठी पाणी नुसते ओतून न देता ट्रे आठवड्यास घासावा लागतो. आता दर शनिवारी हे काम धाकट्याकडे आहे.

दाराचे रबर ढिले असेल, तर दमट हवा सतत आत येऊन हाच त्रास परततो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर रबर बदलावे. आमचे रबर घट्ट निघाले.

फ्रिज पुरता गार झाल्यावर कुप्या आपल्या जागी गेल्या, या वेळी झाकणाच्या डब्यात. कारागीर पाचव्या दिवशी उगवला. त्याने हीटर तपासून तो ठीक असल्याचे सांगितले, चहा घेतला, आणि येण्याजाण्याचे पैसे मात्र न विसरता मागून घेतले.