खिशांतील स्मरणवहीचें दोषशोधन

आजच्या मोबाइल फोनमध्यें एखादी आज्ञावली मध्येंच अडली, तर आपण ती बंद करून पुन्हां उघडतों. आणि आपले पत्ते, टिपणें वगैरे सर्व बहुधा जागच्या जागीं सांपडतें. हें सुख पहिल्या हातयंत्रांच्या धन्यांस नव्हतें. तेथें रचनाकाराच्या नजरेंतून सुटलेल्या एका दोषानें एखाद्या डॉक्टराची रोग्यांची यादी अथवा व्यापाऱ्याचें वर्षभराचें टिपण नाहींसें होण्याचा संभव असे. सॉफ्टवेअरमधील हा दोष, ज्यास इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा असें म्हणतात, तो त्या यंत्रांत कसा हुडकीत, हें म्हणूनच जाणून घेण्याजोगें आहे.

१९९६ सालीं अमेरिकेंत 'पाम'चें 'पायलट' हें यंत्र विक्रीस आलें. त्याचे कर्ते जेफ हॉकिन्स यांनीं यंत्र घडविण्यापूर्वीं त्याच आकाराचा लांकडी ठोकळा खिशांत बाळगला होता. कोणीं भेटीची वेळ विचारली कीं ते तो काढून त्यावर लिहिल्याचा अभिनय करीत! प्रत्यक्ष यंत्र निघालें तें दोन बारीक पेन्सिल-सेलांवर चालणारें, १६० बिंदु लांब व तितक्याच रुंद पडद्याचें. त्याच्या स्वस्त नमुन्याची स्मृति अवघी १२८ किलोबाइट होती. पुन्हां ही स्मृति सेलांच्या आधारानें जिवंत राहणारी. सेल पूर्ण उतरले, किंवा यंत्र अगदीं मुळापासून पुन्हां सुरू करण्याची पाळी आली, कीं सारें पुसलें जाई. मेजावरील संगणकाशीं जोडून प्रत उतरून ठेविली असेल, तेवढीच शिल्लक.

एवढ्या जागेंत संसार थाटणें म्हणजे सूत्रकाराचें काम. पाणिनीनें एकदां उच्चारलेलें पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीनें चालवून शब्द वांचविले. या रचनाकारांनींहि एकच कृति एकदांच लिहून ठिकठिकाणीं तिचा उपयोग केला. पण सूत्रांत आणि यंत्रांत एक मोठा भेद आहे: सूत्र आपलें स्थान सोडीत नाहीं, पायलटमधील माहिती सोडीत असे.

हाच दोषांचा मुख्य उगम. एखाद्या वाड्याच्या मालकानें भाडेकरूंस ट्रंक ठेवण्यास जागा द्यावी, पण खोली न सांगतां केवळ एक बिल्ला द्यावा, तसा हा प्रकार होता. जागा अपुरी, म्हणून मालक ट्रंका इकडून तिकडे सरकवून मोकळी जागा एकत्र करी. ट्रंक उघडावयाची असेल तेव्हां बिल्ला दाखवून ती कोठें आहे हें विचारावें, काम होईपर्यंत ती हलवूं नये असें बजावावें, आणि काम झालें कीं तिला मोकळी करावी, असा नियम. आतां एखादा रचनाकार ट्रंक मोकळी करूनहि पुढच्या वेळीं सरळ जुन्या खोलींतच शिरला, तर? बहुतेक दिवशीं ट्रंक तेथेंच असे, कारण मालकास ती हलविण्याचें कारण पडलेलें नसे. मग एके दिवशीं ती हललेली असे, आणि हा गृहस्थ दुसऱ्याच्याच ट्रंकेंत आपलें सामान कोंबून मोकळा होई. ओरड होई ती दुसऱ्याची. वेदना एकीकडे आणि व्याधि भलतीकडे, अशांतला हा प्रकार. आणि रचनाकाराच्या मेजावर तर महिनोन् महिने सर्व ठीक चाललेलें!

यावरचा उपाय मला फार मार्मिक वाटतो. दोषशोधनासाठीं यंत्राच्या मूळ आज्ञावलीची एक निराळी आवृत्ति केली होती. तीमध्यें मोकळ्या ट्रंका, गरज नसतांहि, मुद्दाम वारंवार हलवितां येत. जो दोष वर्षांतून एकदां प्रकट व्हावयाचा, तो पांच मिनिटांत उघडा पडे. शिवाय पायलटची हुबेहूब नक्कल करणारी एक आज्ञावली मेजावरील संगणकावर चालवीत; अनधिकृत जागीं पाऊल पडतांच ती तेथेंच थांबे व गुन्हेगाराकडे बोट दाखवी.

त्या नकलेंतच 'ग्रेम्लिन' होते. विमानांत बिघाड करणाऱ्या काल्पनिक भुतांवरून हें नांव घेतलें. ग्रेम्लिन सोडला कीं तो पडद्यावर वाटेल तेथें टोंचे, वाटेल तीं अक्षरें लिही, मध्येंच शेक्सपिअरच्या नाटकांतील वाक्येंहि भरी. परंतु हें भूत शिस्तीचें होतें. प्रत्येकास क्रमांक असे, आणि त्याच स्थितींतून तोच क्रमांक पुन्हां सोडला, तर तो त्याच खोड्या त्याच क्रमानें करी. सारी किंमत येथेंच आहे. "काल कांहींतरी बिघडलें होतें" या तक्रारीवर कोणता कारागीर काय करील?

अर्थात् ग्रेम्लिनास यंत्र अडलें एवढेंच कळे. भेटीचा गजर भलत्याच दिवशीं वाजला, तर त्याचें त्यास सोयरसुतक नसे. तें काम सावध माणसाचेंच राहिलें.

कल्पना पायलटच्याहि आधींची आहे. १९८३ सालीं मॅकिंटॉश संगणकासाठीं स्टीव्ह कॅप्स यांनीं अशीच आज्ञावली केली व तिला 'मंकी', म्हणजे माकड, असें नांव दिलें. त्या पहिल्या मॅकिंटॉशची स्मृतिहि १२८ किलोबाइटच होती. अँड्रॉइड फोनांच्या रचनाकारांसाठीं असलेल्या साधनांतहि याच नांवाचें माकड आहे. तेंहि पडद्यावर हवें तसें नाचतें, आणि त्यासहि आरंभीं एक अंक देतां येतो. दोष आढळला, कीं रचनाकार तोच अंक देऊन त्याला पुन्हां तसेंच नाचवितो.