लकी बांबूची पानं टोकाकडून का करपतात?

दुकानाच्या गल्ल्याशेजारी, टीव्हीच्या कपाटावर काचेच्या भांड्यात ठेवलेला लकी बांबू उन्हाळा लागला की टोकाकडून करपू लागतो. पाणी कमी पडलं असं समजून आपण भांडं काठोकाठ भरतो आणि दुखणं वाढवतो.

हे झाड बांबू नव्हेच. ड्रॅसिना सँडेरियाना हे मध्य आफ्रिकेतलं, शतावरीच्या कुळातलं झुडूप. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं, त्यामुळे थेट ऊन त्याला सोसत नाही. त्याहून सोसत नाहीत ते पाण्यातले क्षार.

अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीसारख्या कमी पावसाच्या गावात बोअरचाच आधार. बेसॉल्टच्या भेगांमधून मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत येतं. बादलीला बसणारा पांढरा थर तोच. मुळं हे पाणी ओढतात, पानांतून वाफ निघून जाते आणि क्षार टोकांशी साचतात. फ्लोराइडच्या बाबतीत तर ड्रॅसिना फारच नाजूक.

भांड्यातही तेच घडतं. दर आठवड्याला निम्मं पाणी उडालं आणि तेवढीच भर घातली, तर महिन्याभरात क्षार जवळपास तिप्पट होतात. म्हणून भर घालू नका, पाणी बदला. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं. क्षार आणि फ्लोराइड मात्र तिथंच राहतात. उकळल्यानं फ्लोराइडची तीव्रता उलट वाढते. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. मुळं बुडतील इतकंच पाणी पुरे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा भांडं खिडकीच्या उन्हात नको. निरोगी मुळं तांबूस-नारिंगी असतात. काळी, मऊ झालेली मुळं कापून टाका.

पाणी बदलण्याला आरोग्याचंही कारण आहे. २००१ मध्ये चीनहून कॅलिफोर्नियात आलेल्या लकी बांबूंच्या पाण्यातून एडिस अल्बोपिक्टस हा डेंग्यू पसरवू शकणारा डास तिथं पोहोचला. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. घरातली भांडी-टाक्या रिकाम्या करायचा आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळताना हे भांडंही रिकामं करा आणि आतून घासणीनं खसखसून घासा.