ताप उतरला, पण हृदय?

मंडळी, पोराला ताप आला, अंगावर पुरळ उठले, डोळे लाल झाले, की घरातली वडीलधारी म्हणतात, गोवर निघाला. पुष्कळदा ते खरेही असते. पण ताप पाच दिवस हटत नाही, डोळे लाल असून चिपडे येत नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, हातापायांना सूज, असे दिसले तर कावासाकी रोगाची शंका घ्यावी. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ साली अशा पन्नास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली.

हा ताप औषधावाचूनही उतरतो, आणि तिथेच फसगत होते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती दाहाने सैल पडतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा फुगा येतो, त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. उपचाराविना शंभरांत वीस-पंचवीस मुलांना असे होते. दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर चार-पाचांनाच. औषध महाग आहे, हे खरे.

हा फुगा नाडीवर कळत नाही. इको तपासणीत कानाला न ऐकू येणारा ध्वनी छातीत सोडतात, प्रतिध्वनीचे चित्र पडद्यावर उमटते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. रोहिणीची रुंदी मिलिमीटरांत मोजून मुलाच्या उंची-वजनाशी ताडतात. पहिले चित्र चांगले आले म्हणून निर्धास्त राहू नका. एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार-सहा आठवड्यांनी तपासणी हवीच. रोहिणीचा दूरचा भाग इकोत नीट दिसत नाही, तिथे कधी सीटी लागतो.

आणि बालवाडीच्या बाई, एखाद्या मुलाच्या बोटांच्या टोकांची साल निघताना दिसली, तर गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप होता का, एवढे आईला जरूर विचारा.