घोडीचा माज आणि दिवसाची लांबी

फेब्रुवारी-मार्चमध्ये माजाची लक्षणे दाखवणारी घोडी वारंवार भरवूनही गाभण राहत नाही, तेव्हा ती वांझ ठरवली जाते. पुष्कळदा दोष घोडीचा नसून वेळेचा असतो.

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. मुबलक चाऱ्याच्या काळात शिंगरू जन्मावे, म्हणून निसर्गाने तिचे प्रजनन वाढत्या दिवसमानाशी जोडले आहे. अंधारात मेंदूतील पीनल ग्रंथी मेलाटोनिन स्रवते. हिवाळ्याच्या लांब रात्रींत हा स्राव अधिक काळ चालतो आणि जीएनआरएच या संप्रेरकाचे प्रमाण घटते. परिणामी पीयूषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला पुरेशी चालना मिळत नाही. दिवस मोठा होऊ लागला की ही साखळी पुन्हा सुरू होते. मात्र एकदम नव्हे.

प्रथम एफएसएच वाढते व बीजपुटके वाढू लागतात. पक्व पुटक फुटून बीज बाहेर पडण्यासाठी आवश्यक असलेले एलएच मात्र उशिरा पुरेशा प्रमाणात येते. या काही आठवड्यांच्या संक्रमणकाळात माज अनियमित व लांबलेला दिसतो. पुटके वाढतात आणि न फुटताच विरतात. बीजच नसल्याने गर्भधारणा संभवत नाही. पहिल्या बीजमोचनानंतर साधारण २१ ते २२ दिवसांचे नियमित ऋतुचक्र सुरू होते.

हिसारमध्ये डिसेंबरात दिवस सुमारे सव्वादहा तासांचा, तर जूनमध्ये चौदा तासांचा असतो. महाराष्ट्रात ही तफावत कमी असल्याने ऋतूचा प्रभावही सौम्य राहतो.

लवकर प्रजनन हवे असल्यास डिसेंबरच्या प्रारंभापासून सूर्यास्तानंतर तबेल्यात दिवा लावून एकूण प्रकाशकाळ सुमारे १६ तास करावा. कोणत्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरतो. उरलेले आठ तास अंधार अत्यावश्यक आहे. रात्रभर दिवा ठेवल्यास अपेक्षित परिणाम साधत नाही. परिणाम दिसण्यास साधारण ६० ते ७० दिवस लागतात. घोडी अशक्त असल्यास हा काळ लांबतो, म्हणून आहाराकडेही लक्ष द्यावे.

संक्रमणकाळात केवळ माज पाहून घोडी भरवू नये. पशुवैद्यकाकडून सोनोग्राफीद्वारे पुटकाची वाढ तपासून घ्यावी. बीजांडकोश निष्क्रिय असताना बीजमोचनाची इंजेक्शने देणे व्यर्थ ठरते. घोडीला वांझ ठरवण्यापूर्वी तिचे नियमित ऋतुचक्र सुरू झाले आहे का, याची खात्री करावी.