ब्रेक अचानक दगा देतो तेव्हा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीहून सायकलवर उतरताना ब्रेक दाबावा आणि सायकल थांबूच नये, की पोटात गोळा येतो. काल तर डिस्क ब्रेक उत्तम होता! अशा वेळी आधी बोटांना विचारा. लिव्हर नेहमीसारखी घट्ट लागते, पण चाक थांबत नाही, वर कर्कश आवाज? मग बहुधा चकतीवर तेल गेलंय. पावसाळ्यात साखळी गंजू नये म्हणून आपण फवारा मारतो. तो उडतो चकतीवर आणि पॅड ते तेल पितात. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, पॅड मात्र बदलावेत. पॅड घासून वापरणारे पुष्कळ आहेत. उतारावर मी तरी त्यावर विसंबणार नाही.

लिव्हर मऊ लागून हँडलला टेकत असेल, तर हायड्रॉलिक ब्रेकच्या नळीत हवा शिरली असावी. पंक्चर काढायला सायकल उलटी केली होती का, आठवा. सरळ उभी करून लिव्हर दहा-वीस वेळा दाबली, तर कधीकधी हवा वरच्या टाकीत परतते. तरीही ब्लीडिंग करून घ्यावंच. आणि तेल कंपनीने सांगितलेलंच हवं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये मोटारीचं डॉट फ्लुइड घातलं, तर आतली रबरी सीलं निकामी होतात.